ताटं घासणारे हात

व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचा ताप उतरला, की घरातली माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. आजारी माणूस उठून बसतो, पेज पितो, आठवड्याभरात कामावर जायला लागतो. आणि मग दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, एका संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरते. या वेळी नवा डास चावलेला असायलाच हवा असं नाही. पहिल्या खेपेचेच काही परजीवी यकृतात झोपून राहिलेले असतात. रक्तातल्या परजीवींना क्लोरोक्विन मारतं, यकृतातल्या या निद्रिस्तांपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं, रोज एक मात्रा, सलग १४ दिवस. हा आजार मुळापासून जाणार की वर्षभर परत परत येत राहणार, हे या १४ दिवसांवर ठरतं.

बहुतेकांना हे १४ दिवस निभावून जातात. काहींना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून लघवी कोऱ्या चहासारखी काळसर होते, डोळे पिवळे पडतात, जिना चढताना दम लागतो. औषध यकृतातल्या परजीवींवर काम करत असतं आणि त्याच वेळी त्या माणसाच्या तांबड्या रक्तपेशी फुटत असतात. तेच औषध आणि तीच मात्रा घेतलेल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काहीच होत नाही. हा फरक कुठून येतो, याचा शोध घेताना वैद्यकाला पेशीतल्या ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाचा आणि आपल्या जनुकांचा संबंध पहिल्यांदा लख्ख दिसला.

तो शोध लागला एका तुरुंगात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, जोलिएट गावाजवळ स्टेटव्हिल नावाचा तुरुंग होता. शिकागो विद्यापीठातले डॉक्टर १९४० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे लष्करासाठी हिवतापावरची औषधं तपासत होते. कैद्यांना मुद्दाम रोगट डास चावू द्यायचे, ताप येऊ द्यायचा आणि मग नवी औषधं देऊन पाहायची. कैद्यांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, पण गजाआडच्या माणसाची सही कितपत मोकळ्या मनाने झालेली असते? न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या वकिलांनी अमेरिकेतल्या याच प्रयोगांकडे बोट दाखवलं होतं. आज जगभर लाखो लोकांना उपयोगी पडणारं हे ज्ञान त्या माणसांच्या शरीरांतून आलं आहे, हे विसरून ही गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

प्रायमाक्विन दिल्यावर आफ्रिकी वंशाच्या साधारण दर दहा कैद्यांपैकी एकाचं रक्त फुटायचं. दोष औषधात आहे, माणसाच्या शरीरात आहे की त्याच्या रक्तपेशीत, हे ठरवायला डॉक्टरांनी एक साधा आणि सुंदर प्रयोग केला. ज्याला औषध सोसत नाही अशा माणसाच्या रक्तपेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या ज्याला सोसतं त्याच्या अंगात चढवल्या आणि त्याला प्रायमाक्विन दिलं. खूण केलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या टिकल्या. मग उलट केलं: सोसणाऱ्याच्या पेशी न सोसणाऱ्याच्या अंगात. त्या पाहुण्या पेशींना काही झालं नाही. म्हणजे दोष पेशीतच होता. अर्नेस्ट बॉयटलर या तरुण डॉक्टरने या नाजूक पेशींत एक पदार्थ कमी आहे आणि औषधाच्या माऱ्यात तो आणखी झपाट्याने संपतो, हे दाखवलं. तो पदार्थ ग्लुटाथायोन. पुढे १९५६ साली पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण पकडलं: या पेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज नावाचं विकर फार कमी होतं. नाव तोंडात न मावणारं आहे, म्हणून सगळे त्याला जी-६-पीडी म्हणतात.

ग्लुटाथायोन हा काही दुर्मीळ पदार्थ नव्हे. १८८८ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ द रे-पायाद यांना तो यीस्टमध्ये दिसला होता. गंधकाशी त्याची जवळीक पाहून त्यांनी त्याला ‘फिलोथियॉन’, म्हणजे गंधकप्रेमी, असं नाव दिलं. ते नाव मागे पडलं. १९२१ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक गाउलँड हॉपकिन्स यांनी तो पुन्हा वेगळा काढला आणि आजचं नाव दिलं. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी पुढे नोबेल मिळालेल्या या माणसाला आधी वाटलं होतं, की त्यात दोनच अमिनो आम्लं आहेत. इतरांनी हरकत घेतली, त्यांनी पुन्हा काम केलं आणि १९२९ मध्ये आपली चूक सुधारली. अमिनो आम्लं तीन आहेत: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन. खरं काम मधल्या सिस्टीनच्या गंधकाचं.

पेशीत सतत काही ना काही जळत असतं, आणि त्या जळण्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक रेणू तयार होतात. ग्लुटाथायोन आपल्या गंधकावरचा हायड्रोजन देऊन त्यांना थंड करतं. देऊन झालं, की असे दोन रेणू गंधकाला गंधक जोडून एकमेकांना चिकटतात आणि निकामी होतात. त्यांना पुन्हा सुटं करून कामाला लावावं लागतं.

लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. हजार माणसांचं जेवण आहे आणि ताटं तीनशे. पंगती उठतात, खरकटी ताटं मागे जातात, घासून, धुऊन पुन्हा मांडली जातात. ताटं किती विकत आणली यापेक्षा मागच्या बाजूला घासणारे हात किती आहेत, यावर पुढची पंगत वेळेवर बसते की नाही हे ठरतं. ग्लुटाथायोन म्हणजे ताटं, आणि जी-६-पीडी हे घासणाऱ्या हातांना लागणारं पाणी पुरवणारं विकर. इतर पेशींना हे पाणी दोन-तीन वाटांनी मिळतं. तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाहीत, एकदा तयार झाल्यावर नवं विकर घडवायची सोय नाही. तिला ही एकच वाट. जन्मतः जी-६-पीडीचा जेवढा साठा मिळाला, त्यावरच १२० दिवसांचं आयुष्य काढायचं. पेशी म्हातारी होते तसा तो साठाही झिजतो.

एरवी, म्हणजे पाहुणे बेताचे असताना, दहा बादल्यांच्या जागी एक बादली पाणी असलं तरी भागतं. म्हणूनच जी-६-पीडी कमी असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात आणि पूर्ण आयुष्य जगतात. त्यातल्या कित्येकांना ही गोष्ट कधी कळतही नाही. जगात अशी सुमारे ४० कोटी माणसं आहेत. प्रायमाक्विन येतं तेव्हा अचानक पाच हजार पाहुणे येतात. खरकट्या ताटांचा ढीग लागतो आणि पेशी फुटते.

ही गोष्ट फक्त अमेरिकेची किंवा आफ्रिकी वंशाची नाही. भूमध्य समुद्राभोवती, सार्डिनिया बेटावर, फावा नावाच्या घेवड्याच्या दाण्यांनी काही लोकांचं रक्त फुटतं, हे शतकानुशतकं माहीत होतं; त्यामागचं कारणही हेच. मुंबईच्या पारशी समाजात हे विकर कमी असणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे, हे १९६० च्या दशकातल्या अभ्यासांतून पुढे आलं. आणि कल्याणचं नाव तर या शास्त्राच्या कोशातच आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा वेगळाच प्रकार सापडला आणि त्याला ‘जी-६-पीडी कल्याण’ असं नाव मिळालं. त्याआधी केरळमध्ये सापडलेल्या एका प्रकाराला ‘केरळ’ नाव दिलेलं होतं. तेव्हा विकराची हालचाल, त्याचा वेग, उष्णतेत त्याचं टिकणं अशा लक्षणांवरून प्रकार ठरवत. जनुक अक्षर अक्षर वाचता यायला लागलं तेव्हा, १९९२ मध्ये, कळलं की कल्याण आणि केरळ हे एकच आहेत: ५१५ अमिनो आम्लांच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. आज त्याला ‘केरळ-कल्याण’ असंच म्हणतात. भारतात ‘मेडिटरेनियन’ आणि ‘ओरिसा’ हे आणखी दोन प्रकार बरेच आढळतात. ओरिसा प्रकार मुख्यतः आदिवासी समाजांत. हिवतापाचा जोरही अनेकदा अशाच भागांत असतो, आणि हा योगायोग नाही. ज्यांच्या रक्तपेशी अशा जरा नाजूक होत्या, ते हिवतापाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या थोडे अधिक टिकले. ज्या रोगाने हे जनुक जपलं, त्याच रोगाच्या औषधाला ते आडवं येतं.

जी-६-पीडीचं जनुक क्ष गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे ते एकच, म्हणून दोष असला तर तो पुरता दिसतो. बाईकडे दोन असतात, पण प्रत्येक पेशीत त्यातलं एक गप्प बसतं. १९६२ मध्ये बॉयटलर यांनी या विकराचीच खूण वापरून दाखवलं, की दोषाचं एक जनुक असलेल्या बाईच्या रक्तात दोन जातींच्या पेशी शेजारी शेजारी वाहत असतात, काही धडधाकट, काही दुबळ्या. त्यामुळे तिच्या तपासणीचा आकडा मधलाच काहीतरी येतो आणि डॉक्टर निर्धास्त होतात. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त फसगत इथे होते.

दुसरी फसगत तपासणीच्या वेळेची. रक्त फुटून गेल्यावर लगेच नमुना घेतला, तर म्हाताऱ्या, विकर संपलेल्या पेशी आधीच गेलेल्या असतात. उरलेल्या आणि मज्जेतून नव्याने आलेल्या तरुण पेशींत विकर बऱ्यापैकी असतं. अहवाल ‘सामान्य’ येतो. म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची असते. ज्या घरात कुणाला औषधाने अशी काळी लघवी झाली आहे, त्या घराने एका कागदावर विसंबू नये.

औषधांत फक्त प्रायमाक्विन नाही. कुष्ठरोगाच्या उपचारात रोज घ्यावं लागणारं डॅप्सोन हेही त्यातलंच, आणि तो उपचार महिनोन्‌महिने चालतो. कपाटात ठेवलेल्या डांबरगोळ्यांचाही यात हात आहे: त्यांच्या वासात मुरलेलं दुपटं तान्ह्या बाळाला गुंडाळलं आणि बाळात हे विकर कमी असलं, तर कावीळ मेंदूला धोका होईल इतकी चढू शकते. बारशाला आजी पेटीतून जुनी कुंची काढते, तेव्हा ती आधी धुऊन उन्हात वाळवलेली असावी, एवढं तरी प्रत्येक घराला माहीत हवं.

आतापर्यंतची गोष्ट घासणाऱ्या हातांची झाली. मुळात ताटंच कमी बनत असतील तर?

ग्लुटाथायोन बनवायला दोनच पायऱ्या लागतात. पहिल्या पायरीवर ग्लुटामेटला सिस्टीन जोडलं जातं, दुसरीवर त्याला ग्लायसिन. दुसऱ्या पायरीचं विकर जन्मतः मोडकं असलेलं माणूस १९७० मध्ये नॉर्वेत पहिल्यांदा ओळखलं गेलं. जगात असे रुग्ण शंभराच्या आतच नोंदले गेले आहेत. या बाळांचं रक्त फुटतं, रक्त आम्लधर्मी होतं, आणि आजार तीव्र असेल तर मेंदूवरही परिणाम होतो. यातला एक बारकावा मला नेहमी थक्क करतो. पुरेसं ग्लुटाथायोन बनलं, की तेच पहिल्या पायरीला ‘बास’ म्हणून थांबवतं. इथे ते बनतच नाही, म्हणून थांबवणारंही कुणी नाही. पहिली पायरी बेफाम धावत राहते, अर्धवट माल साचतो, त्याचं ५-ऑक्सोप्रोलिन नावाचं आम्ल होतं आणि बाळाचं रक्त त्या आम्लाने भरतं. आम्ल उतरवणं आणि ई व सी ही जीवनसत्त्वं लवकर सुरू करणं, हा त्यावरचा उपचार. वेळेवर सुरू झालेल्या उपचाराने मुलांचं पुढचं आयुष्य खरोखर बदलतं.

हे झालं मोडलेलं जनुक. त्याच्या शेजारीच फार मोठा, फार धूसर प्रदेश आहे: मोडलेलं नाही, पण जरा वेगळं लिहिलेलं जनुक. पहिल्या पायरीच्या विकराचा मुख्य भाग जीसीएलसी नावाच्या जनुकातून बनतो. या जनुकाच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक तुकडा ओळीने परत परत येतो, कुणात ७ वेळा, कुणात ८, कुणात ९. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात किम डो आणि त्यांचे सहकारी स्किझोफ्रेनियाचा अभ्यास करत होते. २००० साली त्यांना दिसलं, की औषध सुरू न झालेल्या रुग्णांच्या मेंदूजलात ग्लुटाथायोन सुमारे २७ टक्के कमी आहे. २००७ मध्ये त्यांनी या तुकड्यांच्या काही जोड्या रुग्णांत जास्त आढळतात, असं दाखवलं. त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या आणि त्यांच्यावर ताण आणला, तेव्हा त्या जोड्या असलेल्या पेशी ग्लुटाथायोनचं उत्पादन इतरांइतकं वाढवू शकल्या नाहीत. इथेही गोष्ट तीच निघाली: फरक उघडा पडला तो भार आल्यावर. पण त्याच जोड्या असंख्य निरोगी माणसांतही असतात, आणि दुसऱ्या लोकसमूहांत पाहिलं तेव्हा हे नातं तितकं पक्कं उतरलं नाही.

आणि याच धूसर प्रदेशात आज दुकानं थाटली आहेत. वर्षानुवर्षं थकव्याने, अंगदुखीने, न संपणाऱ्या आजाराने गांजलेला माणूस नळीत लाळ भरून पाठवतो आणि त्याला लाल-पिवळ्या चौकोनांचा अहवाल येतो: तुमची ग्लुटाथायोनची जनुकं कमजोर आहेत, म्हणून तुम्ही बरे होत नाही. त्या माणसाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं दहा दारांत ऐकून घेतलेल्याला निदान एक कारण तरी हातात मिळालेलं असतं. पण अहवालातला तो लाल चौकोन पुष्कळदा जीएसटीएम१ या जनुकाचा असतो. हे जनुक युरोपी वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत मुळीच नसतं, भारतातही कितीतरी जणांत नसतं. ते ग्लुटाथायोन बनवतही नाही. बनलेलं ग्लुटाथायोन विषारी रेणूंना चिकटवण्याच्या कामाला ते मदत करतं, आणि त्याच्या घरातली इतर बरीच जनुकं तेच काम करतात. इतक्या लोकांत जे नाही, ते एका माणसाच्या दहा वर्षांच्या आजारपणाचं उत्तर कसं होईल?

त्या अहवालापाठोपाठ येते सलाईनची बाटली: ग्लुटाथायोन आणि भरपूर मात्रेतलं सी जीवनसत्त्व, शिरेतून. कुणी ती थकव्यासाठी विकतं, कुणी त्वचा उजळण्यासाठी. ग्लुटाथायोनचा अख्खा रेणू बहुतेक पेशींत सरळ शिरत नाही. पेशीच्या बाहेर त्याचे आधी तुकडे होतात, तुकडे आत जातात आणि आत ते पुन्हा जोडावे लागतात. ते तुकडे करणारं विकर म्हणजे यकृताच्या तपासणीच्या कागदावर ‘जीजीटी’ म्हणून छापलेलं असतं तेच. आणि सी जीवनसत्त्वाची शिरेतून दिलेली मोठी मात्रा? ती तांबड्या पेशींवर दाहक रेणूंचा मारा करते. जी-६-पीडी कमी असलेल्या माणसाचं रक्त तिने फुटू शकतं. आपलं ग्लुटाथायोन कमजोर आहे असं वाटून जो त्या खुर्चीवर बसतो, त्याच्यासाठी एकच जनुक खरंच जीवघेणं ठरू शकतं. आणि ते न तपासताच सुई लावली गेली, तर औषध म्हणून घेतलेली बाटलीच त्याच्या रक्तावर उठते. हे लिहिताना मला राग येतो.

पहिल्या पायरीवर अडतं ते बहुधा सिस्टीनपाशी; कच्चा माल कमी पडतो. पॅरासिटामॉल मर्यादेबाहेर पोटात गेलं, की यकृतातलं ग्लुटाथायोन संपत जातं आणि मग यकृताच्या पेशी मरतात. उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन हे सिस्टीनचंच एक रूप, आणि वेळेत दिलं तर ते माणूस वाचवतं. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात २०११ मध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात, वृद्धांच्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन तरुणांपेक्षा बरंच कमी आढळलं. दोन आठवडे सिस्टीन आणि ग्लायसिन दिल्यावर ते वर आलं. जनुकं तीच होती. मोठ्या आजारातून उठलेल्या, महिनाभर चहा-बिस्किटांवर राहिलेल्या माणसाच्या बाबतीत हे मला अहवालाच्या चौकोनांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. डाळीत गंधकाची अमिनो आम्लं कमी, ज्वारी-बाजरीत तुलनेने जास्त. वरणात कुस्करलेली भाकरी, वर दूध किंवा अंडं, एवढ्यात ताटं घडवायचा माल पोटात जातो.

आता पुन्हा त्या हिवतापाच्या रुग्णाकडे. तपासणीत त्याचं जी-६-पीडी कमी निघालं. रोजचं प्रायमाक्विन त्याला देता येत नाही, आणि दिलं नाही तर यकृतातले परजीवी तसेच राहतात. यातून वाट सापडली ती स्टेटव्हिलमधल्याच एका निरीक्षणातून. तिथल्या काही कैद्यांचं रक्त पहिल्या आठवड्यात फुटलं, औषध मात्र चालूच ठेवलं गेलं, आणि तरीही काही दिवसांनी रक्त फुटायचं थांबून ते भरून येऊ लागलं. म्हाताऱ्या पेशी गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुण पेशींत विकर पुरेसं होतं, त्या औषधाला पुरून उरल्या. सौम्य प्रकारांत असं घडतं, तीव्र प्रकारांत घडेलच असं नाही. याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने अशा रुग्णांसाठी वेगळा मार्ग सुचवला आहे: वजनाच्या दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, पण आठवड्यातून एकदाच, ८ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. एका मात्रेने थोड्या जुन्या पेशी फुटतात. मग सात दिवस मज्जा नव्या पेशी पाठवत राहते. पुढच्या मात्रेच्या दिवशी लघवीचा रंग बघायचा, हिमोग्लोबिन मोजायचं आणि मगच गोळी द्यायची.